गोधडीचा घास

रुचिता काळजी करण्यात इतकी तरबेज होती, की घरात सगळं ठीक चाललं असेल तर तिला त्याचीच काळजी वाटायची. गेल्या वर्षापासून मात्र तिला कारणं शोधत बसावं लागत नव्हतं. नवरा यशदीप रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका प्लांटात कामाला होता. तिथं त्याचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला आणि बोटं वळेनाशी झाली. सासरे रेल्वेतून रिटायर झाले तेव्हाच क्वार्टर सुटलं होतं, आणि आता तेही नव्हते. गुढियारीत भाड्याच्या दोन खोल्या, शाळकरी मुलगी, सासू कलावती, आणि या सगळ्यांच्या पोटाला आधार म्हणून उरलं होतं ते एकच : तात्यापाऱ्यातलं गोधड्यांचं केंद्र.

केंद्र म्हणजे अपर्णाताईंच्या घराचा वरचा हॉल. अपर्णाताईंचं घराणं भोसल्यांच्या काळात रायपुरात आलं आणि तात्यापाऱ्यातच रुजलं. ‘आम्ही इथले जुने’ असं सांगताना त्यांचा आवाज अजूनही जरा वर चढायचा. बाई मनाने चांगली. अडचणीतल्या बायकांना हाताला काम मिळावं म्हणून पदरमोड करून त्यांनी हे सुरू केलं होतं. पण फोनवर कुणी साहेब बोलला की बसल्या जागी उभ्या राहायच्या, आणि साहेबाने विचारलं त्याहून चार गोष्टी जास्तच सांगून टाकायच्या. हॉलमध्ये बायका जोडीजोडीने काम करायच्या. जुन्या सुती साड्यांचे थर चटईवर अंथरायचे, एकीने या काठापासून टाके घालत यायचं, दुसरीने त्या काठापासून, आणि मधोमध दोघींची गाठ पडायची. शेवटचा एक कोपरा उघडा ठेवायचा, तिथून हात घालून आतल्या चुण्या सारख्या करायच्या, मग तो बंद करायचा. प्रत्येक जोडीच्या गठ्ठ्याला आपल्या रंगाच्या दोऱ्याची गाठ असायची, म्हणजे काम कुणाचं ते कळावं.

रुचिताची जोडीदार हेमी. नवरा आणि दोन मुलांना घेऊन सिंधमधल्या घोटकीहून आलेली. तिकडे गोधडीला रल्ली म्हणतात, आणि हेमी ती लहानपणापासून शिवत होती. पहिले काही दिवस दोघी एकमेकींच्या टाक्यांकडे अशा बघायच्या, की जणू शेजारणीच्या भाजीत मीठ जास्त पडलंय. मग एकीची सवय दुसरीच्या हाताला लागली आणि मधोमध भेटताना कुणाचा टाका कुठे संपला ते कळेनासं झालं. हेमीबद्दल रुचिताला एकच गोष्ट खटकायची. ही बाई कुणालाच नाही म्हणत नसे. चटई उचल म्हटलं, जी. चटई राहू दे म्हटलं, तरी जी. रुचिता तिला चिडवायची, की उद्या कुणी तुला म्हटलं चारमिनार तूच बांधला, तरी तू जी म्हणशील. हेमी हसायची आणि त्यालाही जी म्हणायची.

नव्या रायपुरात प्रसूतीचं एक नवं हॉस्पिटल उघडलं आणि केंद्राचं नशीबही उघडल्यासारखं झालं. तिथे जन्मणारं प्रत्येक बाळ हाताने शिवलेल्या छोट्या गोधडीत गुंडाळून घरी जाणार होतं. पहिला माल पसंत पडला तर वर्षभराचं काम. अटी मात्र कडक. कापड उकळून धुतलेलं हवं, बायकांची डोकी झाकलेली हवीत, आणि शिवण हॉलमध्येच झाली पाहिजे, कुणीही काम घरी न्यायचं नाही. अपर्णाताईंनी त्या अटी इतक्या वेळा ऐकवल्या, की बायका झोपेतही डोकं झाकायला लागल्या असत्या. ज्या जोडीमुळे हे काम हातचं जाईल ती जोडी केंद्रात दिसणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आणि रुचिताने काम घरी नेलं. माल द्यायची वेळ आली आणि नेमकं तेव्हाच यशदीपला हाताच्या व्यायामासाठी रोज दवाखान्यात न्यावं लागत होतं. सगळे टाके पूर्ण होते, फक्त कोपरे बंद करायचे राहिले होते. तिने आपला गठ्ठा पिशवीत घातला, वर पालकाची जुडी ठेवली आणि गुढियारीला आणला. हेमीने ते पाहिलं आणि ती चटई गुंडाळायला लागली. कोपरे कलावतीने बंद केले. सासूचा हात इतका बारीक, की टाका शोधून सापडू नये. माल वेळेवर गेला, अपर्णाताईंनी पेढे वाटले, आणि रुचिताला नेहमीप्रमाणे वाटलं की एवढं सुरळीत होतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असणार.

भाद्रपदातल्या त्या दमट दिवसांत एका संध्याकाळी अपर्णाताईंचा फोन आला.  हॉस्पिटलच्या कपाटात गोधड्यांवर काळे सोंडे फिरताना नर्सला दिसले होते. कोपरा उसवून पाहिला तर आत तांदळाचे दाणे, पोखरलेले. तान्ह्या बाळांच्या पांघरुणात किडे. वरचे साहेब फोनवर नको ते बोलले होते. गठ्ठ्याला गाठ लाल दोऱ्याची होती, म्हणजे रुचिता-हेमीची. रुचिता आज यशदीपला घेऊन दवाखान्यात होती, म्हणून अपर्णाताईंनी एकट्या हेमीलाच विचारलं, की तू काम घरी नेलं होतंस का, धान्याच्या डब्याजवळ ठेवलं होतंस का. तर ती सरळ हो म्हणाली. घरी नेलं, दाणे माझ्याच घरी पडले, चूक माझी, असं सगळं तिने कबूल केलं. तिला काढून टाकलं आहे. साहेबांना तसं कळवलं, तेव्हा कुठे ते शांत झाले आणि बाकीचा माल तपासून द्या, काम चालू ठेवतो म्हणाले.

“तुझी काही चूक नाही, मले माहीत आहे,” अपर्णाताई म्हणाल्या. “उद्या ये. तुले दुसरी जोडीदार देते.”

फोन ठेवला तेव्हा रुचिताला आधी सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं तिने नंतर कितीदा तरी मनातून हाकलून लावलं, पण वाटलं हे खरं. काम राहिलं होतं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की गठ्ठा तर हेमीच्या घरी गेलाच नव्हता.

तिने घरात सगळं सांगितलं. कलावती कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “कोपऱ्यात तांदूळ सापडले म्हणते का?”

“हव. दाणे.”

“ते तं मीच टाकले.”

रुचिता तिच्याकडे बघतच राहिली. कलावतीच्या चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नव्हता. उलट सुनेला एवढी साधी गोष्ट माहीत नाही याचंच तिला नवल वाटत होतं. तिच्या माहेरी, वर्ध्याकडच्या एका खेड्यात, गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना आत घास घालायची रीत होती. भाकरीचा तुकडा नाहीतर चार दाणे. उपाशी गोधडी कुणाच्या अंगावर घालायची नाही.

यशदीप उखडला. रोज सकाळी बुद्धवंदना घेतेस, बुवाबाजी मानत नाहीस, आणि हे कुठून काढलंस, असं तो आईला बरंच काही बोलला. कलावतीने ते सगळं ऐकून घेतलं.

“हे देवाचं नाही रे,” ती म्हणाली. “हे भुकेचं आहे. माह्या मायनं लोकाच्या वावरात काम करून आमाले पांघरूण घातलं. ती म्हणे, जो इच्यात निजंन तो उपाशी नोको निजू. लहान लेकरायच्या गोधड्या होत्या, मंग मी कशी रिकाम्या ठेवू?”

 रेशनच्या तांदळाला दमट हवेत सोंडे लागायला वेळ लागत नाही, हे कलावतीला ठाऊक होतं. पण घरची गोधडी रोज पांघरली जाते, उन्हात पडते, झटकली जाते. कपाटात बंद होऊन बसणारी गोधडी तिने जन्मात पाहिली नव्हती.

यशदीपचं म्हणणं पडलं, की आता गप्प राहायचं. हेमीने कबूल केलं आहे, साहेब शांत झाले आहेत, काम वाचलं आहे. तू जाऊन खरं सांगितलंस तर हे काम घरी नेल्याचं बाहेर येईल, आणि मग हे घर चालायचं कसं. बोलताना तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. रुचिताही घाबरलेलीच होती. पण तिला एक प्रश्न काही केल्या सोडेना. हेमीला पक्कं माहीत होतं की गठ्ठा आपल्या घरी आला नाही. मग ती हो का म्हणाली?

सकाळी ती तात्यापाऱ्याला न जाता पुरानी बस्तीत गेली. हेमीची खोली देवळाच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या घराच्या जिन्याखाली होती. हेमी मुलांची वेणीफणी करत होती. रुचिताला बघून तिने घाईघाईने पाट पुढे केला, जणू काल काही झालंच नव्हतं. रुचिताने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. दाणे सासूने टाकले, घरी मी नेलं, तुझा काही संबंध नाही.

हेमीने मान हलवली. “मुझे लगा था, दीदी. आपके घर से ही हुआ होगा.”

“तो हाँ काहे को बोली?”

हेमी मुलीच्या केसांत फणी अडकवून तशीच थांबली. मग तिने मुलांना बाहेर खेळायला पाठवलं.

“पूछने वाले को हाँ चाहिए होती है,” ती म्हणाली. “हाँ मिल गई तो वो चला जाता है. ना बोलो तो घर देखने आता है.”

तिने जास्त काही सांगितलं नाही, पण जेवढं सांगितलं तेवढं पुरेसं होतं. तिकडे घोटकीला तिच्या दिराला कुणीतरी चोरीबद्दल विचारलं. चोरी त्याने केली नव्हती, म्हणून तो नाही म्हणाला. मग माणसं घर बघायला आली. घर बघून झाल्यावरही ती गेली नाहीत. त्यानंतर त्यांच्या घरात एकच शहाणपण उरलं. दरडावून विचारलं की हो म्हणायचं, दंड असेल तो भरायचा, हात जोडायचे आणि दार लावून घ्यायचं. इथे आल्यावरही सीमेवर, कचेरीत, भाड्याची खोली बघताना तिने तेच केलं होतं, आणि आजवर त्याने तिचं काही बिघडलं नव्हतं.

तिने रुचिताला विनवलं, की आता ही गोष्ट उकरू नका. तुमच्या घरी माणूस आजारी आहे, तुमचं काम राहू द्या. मला कुठेही भांडी घासायचं काम मिळेल. आणि शेवटी, अगदी सहज, तिने सांगितलं की व्हिसाची मुदत वाढवायची आहे, त्याची चौकशी ठाण्यात आली आहे, काम कुठे करते म्हणून तिने अपर्णाताईंचा नंबर दिला आहे. एक-दोन दिवसांत ठाण्यातून त्यांना फोन येईल.

“अपर्णा दीदी अच्छी हैं,” हेमी म्हणाली. “मेरे बारे में अच्छा ही बोलेंगी.”

 काळजीच्या बाबतीत रुचिताचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि अपर्णाताईंना ती पुरती ओळखून होती. त्या खोटं बोलणार नाहीत. विचारलं तेवढं सांगून गप्पही बसणार नाहीत. ती पाटावरून उठली ती थेट रिक्षात बसली.

तात्यापाऱ्यात अपर्णाताई हॉलच्या मधोमध बसून एकेक गोधडी हाताने दाबून बघत होत्या. रुचिताने बाकीच्या बायकांसमोरच बोलायला सुरुवात केली, कारण एकदा थांबली असती तर परत तोंड उघडलं नसतं. काम मी घरी नेलं, दाणे माझ्या सासूने घातले, हेमीला काढू नका, काढायचं तर मला काढा.  यशदीपचा हात, मुलीची शाळा, घरमालक, सगळे तिच्या डोळ्यांपुढे रांगेने उभे होते.

अपर्णाताई भडकल्या. इतक्या वेळा सांगूनही काम घरी नेलंच कसं, अंगठेबहाद्दर आहेस का, तान्ह्या लेकरांचा तरी विचार करायचा, असं त्यांनी तिला चांगलं फैलावर घेतलं. पण आवाज हळूहळू खाली आला. मग त्या कलावतीबद्दल विचारायला लागल्या, की बाईंना काही बोलली नाहीस ना, जुनं माणूस आहे, त्यांनी मायेनंच केलं असेल. तिला खुर्ची दिली. खालून चहा मागवला. या वेळी माफ, पुन्हा असं केलंस तर बघ, असं म्हणाल्या, आणि साहेबांशी मी बोलते म्हणाल्या.

रुचिताने कप हातात घेतला आणि तो तिला एकदम जड झाला. तिला काढलं नव्हतं. हेमीनेही काल हेच कबूल केलं होतं, याच हॉलमध्ये, आणि तिला जिना उतरायला सांगितलं होतं. असं का, हे तिने विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं, आणि त्या उत्तराचा तिला फायदा झाला होता.

“ताई, ठाण्यातून फोन आला का हेमीबद्दल?” तिने विचारलं.

अपर्णाताईंचा चेहरा उतरला. “कालच आला. मी सांगून बसली ना, की तिनं माल खराब केला, काढून टाकलं तिले. मले काय माहीत होतं? मी खोटं कशी बोलू पोलिसाशी?”

त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडच्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि म्हटलं, की काल एक बोलता, आज एक बोलता, असं चालत नाही. त्या बाईला ठाण्यात पाठवा, आणि जी आता दुसरं सांगते आहे तिलाही पाठवा. आजच, कारण कागद संध्याकाळी वर जाणार आहे. अपर्णाताईंना निघता येत नव्हतं, हॉस्पिटलचे साहेब माल बघायला यायचे होते. पण फोन हातातच ठेवते, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

रुचिता तशीच पुरानी बस्तीत परतली आणि तिने हेमीला ठाण्याचं सांगितलं. हेमीचा नवरा कामावर होता. मुलांना तिने घरमालकिणीकडे बसवलं, आत्ता येते म्हणाली, आणि ओढणी डोक्यावरून घेऊन निघाली. ई-रिक्षात रुचिता तिला सारखी पढवत होती. विचारलं तर नाही म्हणायचं. मी केलं नाही, एवढंच. बाकी मी बोलते. हेमी प्रत्येक वेळी जी म्हणत होती, आणि त्या जीने रुचिताचा जीव आणखीच टांगणीला लागत होता. ही बाई सवयीने तिथेही जी म्हणाली तर? शिक्का बसेल, आणि तो पुसायला कुणी येणार नाही. खोटं सांगणारी, माल नासवणारी, परदेशी. असल्या बाईची मुदत कोण वाढवून देणार?

ठाण्यात हवालदार टेबलावर टिफिन उघडून बसला होता. माणूस खडूस वाटत नव्हता, कंटाळलेला वाटत होता. त्याने टिफिन बंद केला, हात पुसले, कागद पुढे ओढला.

“मैडम ने कल कहा था कि तुमने माल खराब किया. किया था?”

हेमीने रुचिताकडे पाहिलं. रुचिताने तोंड उघडलं.

“उनको बोलने दो,” हवालदार म्हणाला.

हेमीचा ओठ हलला. जीचा ज तिच्या तोंडात तयार होता, तो रुचिताला दिसला. मग हेमीने ओढणीचा काठ मुठीत आवळला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “नहीं, साहब.”

हवालदाराने मान वर केली. “नहीं? तो कल हाँ क्यों बोला?”

याचं उत्तर रुचिताने पढवलेलं नव्हतं.  हवालदाराने पेन खाली ठेवलं.

“फिर बैठो. दोनों बैठो उधर.”

दोघी भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. हेमी रुचिताकडे बघत नव्हती. काही न बोलताही तिचं म्हणणं कळत होतं, की बघा, हो म्हणाले असते तर एव्हाना दाराबाहेर असते. हवालदाराने अपर्णाताईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. त्याने परत लावला, त्यांनी परत उचलला नाही. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि तिथे कुणाशी तरी हळू आवाजात बोलायला लागला. रुचिताला शब्द ऐकू येत नव्हते, म्हणून ती स्वतःच शब्द घालत होती, आणि तिने घातलेला एकही शब्द चांगला नव्हता. आपण गप्प बसलो असतो तर हिला निदान इथे यावं लागलं नसतं, असं तिच्या मनात आलं. अपर्णाताई साहेबांना माल दाखवत असतील. फोन खाली राहिला असेल. की त्यांनी जाणूनबुजून उचलला नसेल? बाहेर एक गाडी येऊन थांबली आणि हेमीने बाकाची कड घट्ट धरली. मुलं उपाशी असतील, एवढंच ती एकदा पुटपुटली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. अपर्णाताईच होत्या. साहेब गेल्याबरोबर त्यांनी लावला होता. हवालदाराने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि त्या बरंच बोलत होत्या, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्याने रुचिताला टेबलाजवळ बोलावलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. पिशवी, पालकाची जुडी, सासू, घास, सगळं. 

“बच्चे के लिए डाला था?” त्याने विचारलं.

“हव, साहब. भूखा ना रहे करके.”

त्याने पेन उचललं, दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. “ठीक है. साफ लिखकर भेज रहा हूँ. काम पर वापस है, कोई शिकायत नहीं. जाओ.”

रुचिताला हुंदकाच आला. तिने मागे वळून पाहिलं. हेमी बाकावरून हलली नव्हती. जा म्हटल्यावर पुढे आणखी काहीतरी असतं, अशा समजुतीने ती तशीच बसून होती. हवालदाराला परत सांगावं लागलं, “जाओ, बहन. हो गया.” तेव्हा ती उठली.

बाहेर ऊन उतरलं होतं. रुचिताच्या अंगात एकदम बळ आलं होतं आणि ती भराभर बोलत होती. बघ, खरं सांगितलं तर काय झालं, काही झालं का? काम राहिलं, कागद साफ गेला, उद्या परत आपली जोडी. आधी कुठेतरी चहा घेऊ. हेमी तिच्या मागे चार पावलं चालली आणि फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली.  

“दीदी,” हेमी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती एखादं काम समजावून सांगावं तसं सांगत होती. “अगली बार मुझसे सच बुलवाना हो तो एक दिन पहले बता देना. मैं बच्चों के लिए दो दिन की रोटी बनाके निकलूँगी.”

रुचिताने तिचा हात धरला. चहाचं राहिलं. दोघी रिक्षा शोधायला लागल्या, कारण मुलं वाट बघत होती.